न उघडलेल्या पुठ्ठ्यातील खलनायक : संग्राह्य बाहुलीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

१

एखाद्या वस्तूची किंमत ठरवणे आणि तिचे मूल्य ठरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट साहित्यसमीक्षेने वारंवार सांगितली आहे. मात्र हा भेद बहुतेक वेळा कविता-कादंबरीच्या संदर्भातच मांडला गेला. तो खरोखर कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी समीक्षेला सहसा अपात्र वाटणारी वस्तू घेणे उपयुक्त ठरते. चित्रकथेतील खलपुरुषाची प्लास्टिकची संग्राह्य बाहुली ही अशी वस्तू आहे. तिच्याभोवती गेल्या काही दशकांत मूल्यमापनाची एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली आहे. तिच्यात निकष आहेत, परीक्षक आहेत, गुणपत्रके आहेत आणि वादही आहेत. साहित्यसमीक्षेच्या नेहमीच्या संज्ञा या व्यवस्थेला लावून पाहिल्या तर दोन्ही बाजूंचे काही अपुरेपण उघड होते.

अशा बाहुलीला इंग्रजीत ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. १९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ने खेळणार नाहीत, या धास्तीने तिने ही संज्ञा प्रचारात आणली. म्हणजे या वस्तुप्रकाराचा आरंभच मुळी एका नामांतरात आहे. येथे विचारासाठी घेतलेली बाहुली मॅटेल कंपनीच्या ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ या मालिकेतील स्केलेटॉरची आहे. ती १९८२ साली निघाली. भारतात ही मालिका ‘लिओ’ या नाममुद्रेने विकली गेली आणि तिच्यावरील चित्रमालिका १९८० च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवरून घरोघरी पोचली. मुंबई-पुण्याइतकीच ती जळगाव-धुळ्याच्या मुलांच्याही बोलण्यात आली. त्या मुलांपैकी जे आज प्रौढ आहेत, त्यांच्यातूनच या बाहुल्यांचा आजचा संग्राहक तयार झाला आहे.

२

आधी रूपाचा विचार करणे इष्ट. बाहुलीची उंची सुमारे साडेपाच इंच. अंग निळे, तोंडाच्या जागी पिवळ्या झाकीची कवटी, डोक्यावर जांभळा टोप आणि छातीवर जांभळे चिलखत. हातात मेंढ्याच्या कवटीचा राजदंड. मान, दोन खांदे, कंबर आणि मांड्यांचे दोन सांधे, असे एकूण सहा सांधे. कमरेत स्प्रिंग असल्याने धड पिळून सोडले की ते झटक्याने परत फिरते आणि हात ठोसा मारल्यासारखा पुढे येतो. पाय आतून रबराच्या कड्याने जोडलेले असतात.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. ती येथे लावून पाहिली तर बाहुलीचे यश नेमके कुठे आहे हे सांगता येते. शरीर पिळदार, भरलेले, जवळजवळ नायक ही-मॅनच्याच घडणीचे. तोंड मात्र मांस झडलेले. जीवन आणि मृत्यू यांचा विरोध एकाच आकृतीत, मानेच्या रेषेवर, आणून बसवला आहे. निळा व पिवळा यांचा रंगविरोध या आशयविरोधाला साथ देतो आणि जांभळा रंग दोहोंना सांधतो. इतक्या कमी घटकांत इतका स्पष्ट अर्थ साधणे ही सामान्य कामगिरी नव्हे. कवटीचे हास्य ही एकमेव मुद्रा आहे आणि ती बदलत नाही. या स्थिरतेमुळे आकृती उणी पडत नाही. न बदलणाऱ्या मुद्रेवर खेळणारे मूल राग, कपट, पराभव असे सारे भाव आरोपित करू शकते.

या आकृतीच्या उगमाची एक कथा तिचे रेखन करणारे मार्क टेलर यांनी नंतर सांगितली आहे. लहानपणी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील करमणूक-बागेत त्यांनी एक भयावह प्रेत पाहिले होते आणि ते बाहुले नसून खरे असावे असे त्यांना वाटले होते. १९७६ साली तेथे सापडलेला ‘पुतळा’ खरोखरच एल्मर मॅकर्डी या १९११ साली मारल्या गेलेल्या दरोडेखोराचा देह निघाला. मसाले भरून टिकवलेला तो देह अनेक वर्षे खेळांतून पैसे घेऊन दाखवला जात होता. टेलर यांची आठवण प्रमाण मानावी की निर्मितीनंतर रचलेली आख्यायिका समजावी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एका दरोडेखोराचा देह प्रदर्शनवस्तू झाला होता, आणि त्याच्या स्मृतीतून म्हणून सांगितलेली बाहुलीही पुढे प्रदर्शनवस्तूच झाली. खलपुरुष मेल्यावरही त्याला पुरू न देण्याची ही प्रवृत्ती पुढील विवेचनात पुन्हा समोर येणार आहे.

३

या बाहुलीच्या बाबतीत चित्रकथा आणि आकृती यांचा नेहमीचा क्रम उलटा आहे. बॅटमॅनचा जोकर १९४० साली चित्रकथेत जन्मला आणि त्याच्या बाहुल्या पुष्कळ नंतर आल्या. स्केलेटॉर प्रथम खेळणे म्हणून कल्पिला गेला आणि त्याची गोष्ट त्याच्याबरोबर पाकिटात घालण्यासाठी लिहवून घेण्यात आली. पहिल्या चार छोट्या पुस्तिका डोनाल्ड ग्लट यांनी लिहिल्या आणि आल्फ्रेडो अल्काला यांनी चितारल्या. दूरचित्रवाणीवरील मालिका १९८३ साली आली. म्हणजे येथे संहितेआधी देह आहे आणि संहिता त्या देहाचे समर्थन करते.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेच्या रूपविचारात कथेला गती देणारी दोन कार्ये सांगितली : खलकृत्य आणि उणीव. कथा एकतर दुष्टाने केलेल्या हानीतून सुरू होते किंवा कशाच्या तरी अभावातून. स्केलेटॉरच्या बाहुलीत ही दोन्ही कार्ये एका वस्तूत एकवटली आहेत. तिच्याबरोबर येणारी तलवार अर्धी आहे. तिची एक बाजू सपाट असून ही-मॅनच्या अर्ध्या तलवारीशी ती जुळते. आरंभीच्या पुस्तिकेनुसार दोन्ही अर्धे एकत्र आले तरच ग्रेस्कल किल्ल्याचे दार उघडते. खलपुरुषाची हाव आणि त्याचे अपुरेपण यांचा असा स्पर्शगम्य अर्थ शब्दांतून साधणे अवघड झाले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नायकही अर्धाच आहे. त्याच्याकडे जे नाही ते शत्रूकडे आहे. चांगले आणि वाईट एकमेकांवाचून कथा पुढे नेऊ शकत नाहीत, ही जाणीव या खेळण्यात आहे. १९८३ च्या मालिकेने तलवार अखंड करून नायकाच्या हाती दिली आणि खलनायकाला बऱ्याच अंशी विनोदी केले. तेव्हा ही जाणीव नष्ट झाली. खेळणे मालिकेपेक्षा अर्थाने समृद्ध आहे, असा निर्वाळा या एका तपशिलावरून देता येतो.

आकृतीची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. अर्ध्या तलवारीपलीकडे या खलपुरुषाला दुःख नाही, वंश नाही, शाप नाही. रावणाला तप आहे, लंका आहे, मंदोदरी आहे. स्केलेटॉरला फक्त किल्ला हवा आहे. कथा वस्तूच्या पाठीमागून आली की पात्राला इतिहास उसना मिळतो. तो त्याच्या हाडात मुरत नाही.

४

खलपुरुषाला देह देण्याची रीत खानदेशाला नवीन नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यापासून डांग, सुरगाणा, पेठ आणि पुढे जव्हार-मोखाड्यापर्यंत आदिवासी समाजांत भोवाडा किंवा बोहाडा या नावाने मुखवट्यांचे उत्सव होतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून रात्री मशालींच्या उजेडात, वाद्यांच्या ठेक्यावर सोंगे नाचतात. त्यांत गणपती-सरस्वती असतात, तसे रावण, महिषासुर, त्राटिका, वेताळही असतात. ठिकठिकाणी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे चालत येते.

या मुखवट्यांशी बाहुलीची तुलना केली तर प्रथम साम्य दिसते. दोन्हीकडे देह सामान्य असतो आणि डोके त्याला पात्र बनवते. बाहुलीत देहयष्टी जवळजवळ सर्वांना तीच, भेद डोक्याचा व रंगाचा. भोवाड्यातही शेतात राबणारा तोच देह मुखवट्यानुसार देव किंवा दैत्य होतो. फरक नात्यात आहे. मुखवट्याचे मूल्य तो चढवला जाण्यात आहे. रंग उडाला तर पुन्हा लावतात, तडा गेला तर सांधतात. झीज हा त्याचा दोष मानला जात नाही. तो किती रात्री नाचला, याची ती खूण असते. महिषासुराचे सोंग हरते, परंतु पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलावणे असते. खलपुरुष येथे गावाचा घटक आहे.

जळगाव जिल्ह्यातील गुलाबाईचा उत्सव या नात्याचे दुसरे टोक दाखवतो. भाद्रपदात मुली गुलाबाई आणि गुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात आणि कोजागरीच्या सुमारास मूर्तींचे विसर्जन करतात. मुलीच्या सासर-माहेराचे सारे नाट्य या बाहुल्यांभोवती उभे राहते. मूर्ती टिकवून ठेवण्याचा विचारही कुणी करत नाही. ती विरघळते आणि गाणी उरतात.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये खेळण्यांवर लिहिताना लाकडाच्या खेळण्याची बाजू घेतली आणि प्लास्टिकच्या खेळण्याला जीवनहीन ठरवले. हा निवाडा खानदेशात जसाच्या तसा मान्य करता येत नाही. जळगाव हे केळीचे तसे पी.व्ही.सी. पाइपांचे आणि प्लास्टिकच्या चटयांचेही शहर आहे. येथे प्लास्टिक शेताला पाणी देते आणि अंगणात अंथरले जाते. द्रव्य स्वभावतः परके किंवा मृत नसते. हाताळण्यातून ते परके किंवा आपले होते. त्यामुळे माती विरुद्ध प्लास्टिक अशी सोपी मांडणी टाळली पाहिजे.

५

हाच आक्षेप देशीपणाच्या सोप्या उपयोगालाही लागू होतो. यावल तालुक्यातील सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेला देशीवाद मराठी समीक्षेत दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. त्याचा आधार घेऊन मॅटेलची बाहुली परकी म्हणून निकालात काढणे सहज शक्य आहे. परंतु वस्तू कुठे बनली यावर तिचे देशीपण ठरत नाही. ली फॉक यांचा ‘फँटम’ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला तो ‘वेताळ’ या नावाने. वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या धोंड्यात ज्याची वस्ती, रात्री ज्याच्या वाटेला जायला लोक भितात, त्या भुतांच्या राजाचे नाव आफ्रिकेच्या काल्पनिक जंगलातील गोऱ्या वीराला मिळाले आणि वाचकांनी ते विनातक्रार स्वीकारले. भयाचे आणि राखणदाराचे दैवत एकच असू शकते, ही समज येथल्या लोकमानसात आधीच होती. आयात पात्राने त्या समजेत आपली जागा शोधली.

धुळ्याच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील मालेगावात तर याहून पुढचे पाऊल टाकले गेले. शेख नासिर यांनी तेथे ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट केला आणि फैझा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटाने ती धडपड जगासमोर नेली. उडणारा वीर परका होता. त्याची भूमिका करणारा मात्र यंत्रमागावर काम करणारा कामगार होता. या वीरासमोर आलेले संकट तंबाखू आणि घाण यांचे होते. नायक उसना घेता येतो, खलत्व मात्र आपल्या गल्लीतूनच शोधावे लागते, असा धडा या उदाहरणातून निघतो. स्केलेटॉरच्या बाहुलीने खेळणाऱ्या मुलानेही हेच केले असणार. पुस्तिकेतील किल्ला त्याला ठाऊक नव्हता. पलंगाखालचा अंधार, परसातील विटांचा ढीग किंवा धान्याच्या कोठीची मागची बाजू हाच त्याचा किल्ला होता.

६

आता संग्राहकाच्या निकषांकडे वळता येते. उघडलेल्या बाहुलीची प्रत ठरवताना पायांतले रबर ढिले झाले आहे का, कमरेची स्प्रिंग चालते का, बुटांवरचा आणि चेहऱ्यावरचा रंग घासला आहे का, दंड, तलवार आणि चिलखत मूळचेच आहे का, हे पाहतात. ही पाहणी बारकाईची असते. पाठचिकित्सेत हस्तलिखिताची पाने, शाई, वळण आणि प्रक्षेप तपासले जातात, त्याच जातीची ती आहे. या अर्थी संग्राहक हा एक प्रकारचा संहितासंशोधक आहे आणि त्याच्या ज्ञानाची हेटाळणी करण्याचे कारण नाही.

परंतु सर्वांत वरची प्रत उघडलेल्या बाहुलीला मिळतच नाही. ती मिळते पुठ्ठ्यावर पारदर्शक कवचात जशीच्या तशी बंद असलेल्या बाहुलीला. ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’सारख्या संस्था शंभरपैकी गुण देऊन तिला ॲक्रिलिकच्या पेटीत आणखी एकदा बंद करतात. २००८ पासून मॅटेलने ‘क्लासिक्स’ या नावाने प्रौढ संग्राहकांसाठीच नव्या बाहुल्या काढल्या. त्यांची उंची अधिक, सांधे अधिक, कोरीव काम अधिक सूक्ष्म. कारागिरीत त्या १९८२ च्या बाहुलीपेक्षा निर्विवाद सरस आहेत. मात्र पेटीत बंद राहणाऱ्या आकृतीला वाढवलेले सांधे कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही.

येथे एक तपशील निर्णायक ठरतो. १९८२ च्या बाहुलीबरोबरची पुस्तिकाही त्याच कवचात होती. म्हणजे सर्वोच्च गुण मिळवणाऱ्या प्रत्येक नमुन्यात एक न वाचलेले पुस्तक आहे, आणि ते न वाचलेले असणे हीच त्याच्या श्रेष्ठत्वाची अट आहे. साहित्याच्या अभ्यासकाला याहून विचित्र मूल्यव्यवस्था क्वचित आढळेल.

खानदेशाला संग्रहाची स्वतःची थोर परंपरा आहे, म्हणून ही विचित्रता येथे अधिक टोचते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतील दप्तरे मिळवत राहिले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे धुळ्यात निधन झाल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे जमवली आणि १९३५ साली धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर स्थापन झाले. रुमालात बांधलेले दप्तर सोडणे, वाळवी आणि ओल यांतून वाचलेला मजकूर लावणे, तो छापून अभ्यासकांपुढे ठेवणे हा या संग्रहांचा हेतू होता. न सोडलेल्या दप्तराला तेथे मोल नव्हते. त्याची फक्त आशा होती. बंद पुठ्ठ्याच्या व्यवस्थेत ही आशाच विक्रीला काढली जाते, आणि ती कधीही पूर्ण न होणे यावर भाव ठरतो.

७

याला एक वजनदार उत्तर देता येते आणि ते टाळून चालणार नाही. ज्यांनी पाकिटे फोडली त्यांच्याकडून पुस्तिका फाटल्या, तलवारी हरवल्या, पुठ्ठे केरात गेले. आज त्या पुठ्ठ्यावरील चित्र आणि पुस्तिकेचा मूळ पाठ उपलब्ध आहे तो काहीजणांनी न उघडता किंवा जपून ठेवल्यामुळेच. राजवाडे मंडळातही कागद कुणालाही हाताळू देत नाहीत. मग दोष नेमका कुणाचा?

फरक जपण्याच्या क्रियेत नाही, तिच्या दिशेत आहे. हस्तलिखित जपले जाते ते कधीतरी, कुणीतरी, योग्य हातांनी वाचावे म्हणून. एखाद्या संग्रहालयाने एक बंद नमुना पुरावा म्हणून ठेवला तर तोही याच हेतूत बसतो. बंद असणे हाच गुण मानून त्याला शंभरपैकी अंक देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या अंकातून बाहुलीविषयी काहीही कळत नाही. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला आहे की नाही, एवढेच कळते.

मराठी समीक्षेलाही या आरशात स्वतःचे काही दिसू शकते. कलाकृती ही जीवनव्यवहारापासून अलिप्त, स्वयंपूर्ण वस्तू आहे, ही भूमिका तिच्या श्रेष्ठ प्रतिपादकांनी वाचनाच्या बाजूने मांडली होती : कृतीकडे कृती म्हणून पाहावे, बाहेरचे हेतू तिच्यावर लादू नयेत. तिचे सुलभीकरण झाले की स्पर्श न केलेली कृती हीच शुद्ध कृती, असा समज रूढ होतो. दुसऱ्या टोकाला, कृतीचा फक्त उगम पाहून तिला आपली किंवा परकी ठरवणारी समीक्षाही पाकीट न उघडताच त्यावरचा शिक्का वाचते. दोन्ही पद्धतींत पुस्तिका न वाचलेलीच राहते.

म्हणून या बाहुलीचे मूल्यमापन पुढीलप्रमाणे करावे लागेल. रूप म्हणून १९८२ चा स्केलेटॉर उत्तम आहे : मोजके घटक, नेमका विरोध, न बदलणारी आणि म्हणूनच सर्व भावांना मोकळी मुद्रा. आशय म्हणून तो अर्ध्या तलवारीपुरता समर्थ आहे, त्यापुढे तोकडा. २००८ नंतरच्या आवृत्त्या कारागिरीत वरच्या आणि अर्थात खालच्या. बंद नमुना हा बाजाराच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. बाहुली म्हणून त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही, कारण ती बाहुली अजून झालेलीच नाही. आणि ज्याचे रबर ढिले झाले आहे, नाकाजवळचा रंग घासला गेला आहे, दंड हरवून ज्याच्या मुठीत कुणीतरी कधीकाळी आगकाडी खोचली होती, असा एखाद्या जुन्या ट्रंकेतील नमुना बाजारात सर्वांत खालच्या प्रतीचा ठरेल. समीक्षेच्या दृष्टीने मात्र वाचनाच्या खुणा असलेली प्रत तीच आहे. साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील मुखवट्याला पुन्हा रंग देणारा कारागीर अशा झिजेला दोष म्हणत नाही. त्या दोघांचे मूल्यभान एकच आहे, आणि अभ्यासकाला त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.